कुंपणातली घाणेरी: खडकाळ उतारावरील एका जागेचे प्रकरण

या प्रकरणातील जागा खडकाळ उताराची आहे. वरच्या अंगाला रस्ता, मधल्या सपाटीवर घर आणि बाग, खालच्या अंगाला केवळ पावसाळ्यात वाहणारा ओहोळ आणि ओहोळापलीकडे शेजाऱ्याचे चराऊ रान, अशी तिची रचना आहे. माती जेमतेम वीतभर असून तिच्याखाली मुरूम लागतो, आणि उन्हाळ्यात बागेला देण्यासारखे पाणी फारसे उरत नाही. अशा ठिकाणी मालकांनी कुंपणासाठी घाणेरी निवडली (काही जण तिला टणटणी म्हणतात; शास्त्रीय नाव लँटाना कमारा) आणि ती तिन्ही बाजूंनी लावली. ज्या कारणांसाठी ती लावली गेली, ती सगळी कारणे खरी ठरली. रुजल्यानंतर तिला पाणी द्यावे लागले नाही, गुरांनी तिला तोंड लावले नाही, काटेरी फांद्यांची भिंत उभी राहिली आणि उष्ण महिन्यांतही तिच्यावर फुले व फुलपाखरे दिसत राहिली.

काही वर्षांनी शेजाऱ्याची तक्रार आली. ओहोळाच्या दोन्ही काठांवर आणि रानातल्या एकट्यादुकट्या झाडांखाली घाणेरीची जाळी तयार झाली होती, गवत मागे हटत होते, आणि जनावरांना पाण्यापर्यंत जायची वाट बुजत चालली होती. मालकांचे म्हणणे असे होते की कुंपण ते वर्षातून एकदा नीट छाटतात, त्यामुळे ते कुठेही हाताबाहेर गेलेले नाही. कुंपण पाहिले असता हे म्हणणे खरेच वाटत होते. प्रश्न दोन होते: रानात पसरलेल्या झुडपांचे काय करायचे, आणि कमी पाण्यावर फुलणारे हे कुंपण ठेवून पुढचा प्रसार थांबवता येतो का.

पाहणीत काय दिसले

रोपे कुठे उगवली आहेत हे नोंदवत गेल्यावर त्यांच्या मांडणीतूनच कारण उलगडले. कुंपणाच्या बुंध्याशी रोपे तुरळक होती. ती दाट होती ती पक्षी बसतात अशा जागांखाली, म्हणजे रानातल्या झाडांच्या घेराखाली, तारेच्या खांबांच्या रांगेत आणि ओहोळाकाठच्या वाळलेल्या फांद्यांखाली. घाणेरीची फळे गुच्छात लागतात. कच्ची असताना हिरवी आणि पिकल्यावर चकचकीत काळी-जांभळी होणारी ही फळे बुलबुल, साळुंकी यांसारखे फळखाऊ पक्षी आवडीने खातात आणि बिया विसाव्याच्या जागी टाकतात. (हवाई बेटांवर १८५८ मध्ये घाणेरी नेणाऱ्या विल्यम हिलेब्रँड यांनीच पुढे साळुंकीही तिथे नेली, आणि झुडपाला त्याचा वाहक आयता मिळाला.) एका मोठ्या झुडपाला वर्षभरात बारा हजारांपर्यंत फळे धरू शकतात. ताज्या बियांपैकी बऱ्याचशा लगेच रुजत नाहीत, पण मातीत काही वर्षे जिवंत राहतात आणि ऊब व उजेड मिळाला की वर येतात.

ओहोळाकाठची गोष्ट थोडी वेगळी होती. तिथे खालच्या कुंपणाच्या लांब फांद्या काठावर लोळल्या होत्या, आणि ओल्या मातीला टेकल्या तिथे त्यांना मुळे फुटली होती. म्हणजे त्या बाजूने झुडूप बियांवाचूनही पुढे सरकत होते, आणि पुराच्या पाण्याबरोबर फळे खाली जात होती ती वेगळीच.

या नोंदीवरून मालकांच्या समजुतीतला दोष स्पष्ट होतो. कुंपण हाताबाहेर गेले आहे की नाही हे ते त्याच्या उंची-रुंदीवरून ठरवत होते. घाणेरीच्या बाबतीत नियंत्रणाचे माप झुडपाच्या आकारात नसून पिकलेल्या फळांच्या संख्येत असते. काटेकोर कापलेले, पण वर्षातून दोनदा फळांनी लगडणारे कुंपण आणि मोकाट वाढलेले जाळे यांत रानाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

हा धोका जास्त रंगवून सांगितला जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी तिचा इतिहास पाहावा. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती शोभेचे झुडूप म्हणूनच जगभर गेली. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, ऑस्ट्रेलियात १८४१ च्या सुमारास बागांमध्ये पोचली. आज ऑस्ट्रेलियात तिने ४० लाख हेक्टरांहून अधिक जमीन व्यापली आहे, आणि भारतातील वाघांच्या अधिवासक्षेत्राच्या सुमारे ४० टक्के भागाला तिचा उपद्रव असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडले गेले. या पसाऱ्याचा उगम शोधत मागे गेले तर बहुतेक ठिकाणी एखादी बाग किंवा कुंपणच सापडते.

दुष्काळ सोसण्याचा गुण आणि त्याची दुसरी बाजू

मालकांना ज्या गुणाचे कौतुक होते, तोच गुण इथे अडचणीचा आहे, आणि म्हणून त्याचा विचार नीट करावा लागतो. रुजलेली घाणेरी पाणी तुटले की पाने गाळते, खरबरीत लहान पानांवर तग धरते आणि बुंध्याजवळच्या भागात शक्ती साठवून ठेवते. पहिला पाऊस पडताच तिथून जोमदार फुटवे येतात. दुष्काळात आजूबाजूचे गवत मरते, जमीन उघडी पडते, आणि पावसानंतर त्या उघड्या जागेवर सर्वांत आधी हक्क सांगते ती हीच. म्हणजे प्रत्येक कोरडे वर्ष तिच्या पथ्यावर पडते. सावली मात्र तिला सोसत नाही. दाट छत असलेल्या झाडोऱ्यात ती रोडावते, आणि पाणी साचणाऱ्या जमिनीतही ती टिकत नाही. या दोन कमकुवत बाजूंचा पुढे उपयोग झाला.

गुरांच्या प्रश्नातही हेच आहे. घाणेरीच्या पानांत लँटाडीन ही विषारी द्रव्ये असतात. ती यकृताला इजा करतात. जनावराला कावीळ होते, आणि त्वचेला ऊन सोसेनासे होऊन नाकपुड्या, कान व उघडी कातडी सुजते आणि सोलवटते. एरवी जनावरे पाला टाळतात हे खरे, परंतु चारा संपलेल्या दिवसांत रानात हिरवे असे तेवढेच उरते, किंवा नवे आणलेले जनावर या पाल्याशी परिचित नसते, तेव्हा विषबाधा होते. वाळलेल्या पाल्यातही विष टिकते. सर्व प्रकारांत त्याचे प्रमाण सारखे नसले, तरी फुलांच्या रंगावरून एखादे झुडूप निर्धोक ठरवणे मला धाडसाचे वाटते. ‘गुरे खात नाहीत म्हणून कुंपणाला उत्तम’ हा युक्तिवाद नेमका दुष्काळातच, म्हणजे ज्या परिस्थितीसाठी हे झुडूप निवडले त्याच परिस्थितीत, कोसळतो.

छाटणीचे गणित

मालकांचा पहिला आग्रह असा होता की छाटणी वाढवून कुंपण ठेवावे. हा पर्याय झटकून टाकण्यासारखा नव्हता, म्हणून तो सविस्तर तपासला.

घाणेरीची फुले नव्या वाढीवर, पानांच्या बेचक्यांत येतात. त्यामुळे छाटणीने फुले बंद होत नाहीत, उलट वाढतात. कात्री लागली की कापलेल्या प्रत्येक टोकामागून दोन-चार नवे फुटवे येतात आणि काही आठवड्यांत सगळे कुंपण एकदम बहरते. शोभेसाठी ही उत्तम गोष्ट आहे, पण पुढच्या फळांचा तो पायाही आहे. वर्षातून एकदा केलेली छाटणी म्हणूनच सर्वांत वाईट ठरते: तिने बहर एकवटतो, आणि नंतर तो पिकेपर्यंत कोणी त्याकडे पाहत नाही.

छाटणीने प्रसार रोखायचा असेल, तर प्रत्येक कापणी मागच्या बहराची फळे पिकण्याआधी व्हायला हवी. यासाठी तारखांवर विसंबता येत नाही, कारण उष्मा आणि ओल यांनुसार फुलापासून पिकल्या फळापर्यंतचा काळ बदलतो. विसंबायचे ते डोळ्यांवर. घाणेरीत याला एक सोयीची खूण आहे. गुच्छातले नवे, मधले फूल पिवळे असते, आणि परागण झाल्यावर त्याचा रंग नारिंगी, लाल किंवा गुलाबी होत जातो. जुनी फुले गुच्छाला लांबून भडक दिसायला मदत करतात आणि फुलपाखरू मात्र मध असलेल्या पिवळ्या फुलावरच जाते, हे निरीक्षण निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर यांनी १८७७ मध्येच नोंदवले होते. माळ्याच्या कामापुरता याचा अर्थ असा की बाहेरची रंग बदललेली फुले गळून त्यांच्या जागी हिरवे मणी दिसू लागले की कात्री घ्यायची. मणी काळे पडायला लागले म्हणजे उशीर झाला.

उष्ण आणि ओल्या महिन्यांत हे काम वारंवार येते. घराजवळच्या, रोज नजरेखाली असलेल्या चार-सहा झुडपांच्या बाबतीत ते जमते. ओहोळालगतच्या काटेरी, लांबलचक रांगेच्या बाबतीत ते कोण, किती वर्षे आणि आजारपणात किंवा प्रवासाला गेल्यावर कसे करणार, हा प्रश्न विचारल्यावर मालकांकडे खात्रीचे उत्तर नव्हते. एखादा बहर निसटला तरी मातीत पुढच्या काही वर्षांचा साठा पडतो. ज्या उपायात एक चूकही माफ नाही आणि जो अनंत काळ चालवायचा आहे, तो उपाय कागदावर कितीही सुटसुटीत असला तरी त्यावर कुंपण सोपवू नये, असे माझे मत पडले.

वांझ वाणांचा पर्याय

दुसरा पर्याय फळे न धरणाऱ्या वाणांचा. घाणेरीत गुणसूत्रांचे संच कमी-जास्त असतात: काही झाडांत २२, काहींत ३३, काहींत ४४ गुणसूत्रे आढळतात. तीन संचांच्या, म्हणजे ३३ गुणसूत्रांच्या झाडात बीज तयार होताना जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे ते बहुतांशी वांझ राहते, आणि फळांवर शक्ती खर्च होत नसल्याने फुलते मात्र भरपूर. रोपवाटिकांत ‘वांझ’ म्हणून विकली जाणारी रोपे बहुधा या प्रकारची असतात.

इथे दोन गोष्टींची खात्री करावी लागते. एक म्हणजे, तीन संचांचे सर्व वाण पूर्ण वांझ नसतात. काहींवर थोडीफार फळे धरतात. दुसरी अधिक महत्त्वाची: फळ न धरणाऱ्या झाडाचे पराग सशक्त असू शकतात, आणि ते जवळच्या रानटी घाणेरीवर किंवा स्थानिक जातभाईंवर पोचू शकतात. फ्लोरिडात लँटाना डिप्रेसा या तिथल्या मूळच्या जातीला बागेतल्या घाणेरीशी होणाऱ्या संकराचाच मोठा धोका आहे. म्हणून तिथल्या विद्यापीठाने फळ आणि पराग दोन्ही तपासून ‘ब्लूमिफाय रोझ’ आणि ‘ब्लूमिफाय रेड’ यांसारखे वाण वांझ ठरवले. केवळ विक्रेत्याच्या पाटीवरचा शब्द पुरेसा नाही. वाणाचे नाव माहीत हवे, ते तपासलेले हवे, आणि लागवड करण्याआधी त्या प्रदेशात घाणेरीवर कायदेशीर बंदी आहे का हे पाहायला हवे, कारण काही देशांत ती लावणे, विकणे किंवा वाढू देणे हेच नियमबाह्य आहे. जांभळ्या फुलांची पसरणारी घाणेरी अनेकदा सुरक्षित पर्याय म्हणून सुचवली जाते. पण तीही ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत तण होऊन बसली आहे, त्यामुळे रंग किंवा ठेवण पाहून समाधान मानू नये.

ठरलेला मार्ग

निर्णय जागेप्रमाणे वेगळा घेतला. ओहोळाची आणि बाजूची रांग पूर्ण काढायची. वरच्या रस्त्याकडची जुनी, फळे धरणारी झुडपेही काढायची, आणि त्या जागी वांझ वाण लावायचा तर आसपासची रानटी झुडपे संपल्यावरच लावायचा. तोपर्यंत घराजवळची मोजकी झुडपे मालकांच्या नजरेखाली, हिरव्या मण्यांच्या खुणेवर छाटत ठेवायची.

काढण्याची पद्धत ठरवताना शेजाऱ्याने रान पेटवून देण्याचा विचार मांडला होता. तो नाकारावा लागला. घाणेरीच्या वाळक्या फांद्यांमुळे आग भडकते आणि वरपर्यंत चढते, त्यात शिल्लक झाडे होरपळतात, बुंधे मात्र जिवंत राहून पुन्हा फुटतात, आणि मोकळ्या झालेल्या उजेडात बिया रुजतात. जमिनीलगत कोयत्याने कापणेही तितकेच व्यर्थ आहे. एका बुंध्याच्या जागी फुटव्यांचा झुबका उभा राहतो.

किडींचा विचारही झाला. घाणेरीवरील जैविक नियंत्रणाचा इतिहास मोठा आहे: १९०२ मध्ये कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी मेक्सिकोतून हवाईसाठी कीटक गोळा केले, तेव्हापासून अनेक देशांत अनेक जाती सोडल्या गेल्या. पानांतला रस शोषणाऱ्या, ढेकणाच्या वर्गातल्या एका कीटकाने काही ठिकाणी झुडपे निष्पर्ण केली, पण पाऊस येताच ती सावरली. युगांडात हाच कीटक तिळाच्या पिकावर गेला. हा सरकारी पातळीवर, चाचण्यांनंतर हाताळायचा विषय आहे, एका मालकाने करायचा नव्हे.

निवडली ती मूळ छाटण्याची पद्धत, जी दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरून २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामागचा विचार साधा आहे. घाणेरीचे फुटवे बुंधा आणि मूळ यांच्या सांध्याच्या पट्ट्यातून येतात. त्या पट्ट्याच्या खाली, जमिनीत बोटभर-दोन बोटे उतरून मुख्य मूळ कुदळीने तोडले, तर खाली राहिलेल्या मुळातून झुडूप परत येत नाही. सगळे मूळ उपटायची गरज नसल्याने मातीही कमी हलते, आणि पातळ मातीच्या उतारावर हा फायदा लहान नाही. तोडलेले झुडूप जागीच उलटे, मुळे वर करून ठेवतात, म्हणजे ते मातीला न टेकता वाळते.

काम करताना तीन बंधने पाळली. वेळ अशी निवडली की पावसाने माती मऊ झालेली असेल पण झुडपांवर पिकलेली फळे नसतील. उतारावर एका दमात सर्व न काढता आडवे पट्टे पाडले, एक पट्टा मोकळा करून त्यात गवत धरेपर्यंत खालचा पट्टा उभा ठेवला, नाहीतर पहिल्या जोरदार सरीत उरलेली माती ओहोळात गेली असती. आणि पाला पूर्ण वाळून गळेपर्यंत त्या भागात जनावरे सोडली नाहीत. ज्या मोजक्या बुंध्यांची मुळे खडकाच्या फटीत होती, तिथे कुदळ चालत नव्हती. ते कापून ताज्या कापावर लगेच, कापल्यापासून काही मिनिटांत, मान्यताप्राप्त तणनाशक ब्रशने लावले. उशीर केला तर काप सुकतो आणि औषध आत शोषले जात नाही. फवारणी केली नाही, कारण ओहोळ जवळ होता आणि नवे गवत वाचवायचे होते.

नंतरची वर्षे

झुडपे निघाल्यानंतरच्या पहिल्या पावसात रान पूर्वीपेक्षा वाईट दिसले, आणि हे मालकांना व शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. सावली हटल्याने मातीतला बियांचा साठा उजेडात आला आणि पक्ष्यांच्या विसाव्याखाली रोपांचा गालिचा उगवला. ही रोपे कोवळी असताना हाताने सहज उपटतात. चुरगळलेल्या पानाच्या उग्र वासाने आणि चौकोनी खोडाने ती इतर रोपांतून ओळखता येतात. एक हंगाम थांबले की तेच काम कुदळीचे होते. म्हणून सगळ्या रानात फिरत बसण्याऐवजी नोंदीतल्या त्याच जागा, म्हणजे झाडांचे घेर, खांबांची रांग, ओहोळाचे काठ, पुन्हा पुन्हा तपासल्या. साठा नव्याने भरत नसल्याने रोपे दर पावसाळ्याला विरळ होत गेली, तरी ती पूर्ण थांबलेली नाहीत. ओहोळाच्या वरच्या अंगाला इतरांच्या जमिनीत घाणेरी आहे तोवर ती थांबणारही नाहीत.

मोकळ्या पट्ट्यांत आधी त्या भागातलेच झुपकेदार गवत लावले, कारण उघडी माती रोपांना आमंत्रण देते. काठावर सावली धरणारी स्थानिक झाडे लावली, ज्यांचे छत दाटल्यावर घाणेरीला तिथे उजेड मिळणार नाही. या झाडांना पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागले. कुंपणाने वाचवलेले पाणी इथे खर्च होते आहे, अशी कुरकुर मालकांनी केली आणि ती रास्त होती. पण हा खर्च झाडे रुजेपर्यंतच असतो, तर रोपे उपटण्याचा खर्च फळे धरत राहतील तोपर्यंत.

बाजूच्या रांगेत आता काटेरी स्थानिक झुडपांचे कुंपण धरते आहे. ते घाणेरीइतक्या झपाट्याने भरले नाही, मधल्या फटींत काही काळ तार लावावी लागली, आणि फुले वर्षातून एकाच हंगामात येतात. रस्त्याकडच्या जागेत वांझ वाण लावण्याचा निर्णय मालकांनी तूर्त पुढे ढकलला आहे. घराजवळची जुनी झुडपे अजून उभी आहेत. ती ठेवायची अट अशी ठरली की एकदा जरी त्यांच्यावर काळे मणी सापडले, तर त्याच पावसाळ्यात त्यांचीही मुळे तोडायची.